बेलगाम आज्ञावली आणि सामायिक सर्व्हर : संगणकीय संसाधनांचे अर्थशास्त्र

परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आणि न उघडणारे संकेतस्थळ हा अनुभव स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना नवा नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढ्या तीन शब्दांत त्याचे वर्णन केले जाते आणि ‘गर्दी फार झाली’ या निष्कर्षावर चर्चा थांबते. गर्दी हे एक कारण असतेच. परंतु पुष्कळदा अभ्यागतांची संख्या बेताचीच असते आणि तरीही सर्व्हर कोलमडतो. त्यावर चालणारी एखादी आज्ञावली नियंत्रणाबाहेर जाते, मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ गिळत राहते आणि इतर सर्वांच्या वाट्याला प्रतीक्षा येते. अशा आज्ञावलीला संगणक क्षेत्रात ‘रनअवे स्क्रिप्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘बेलगाम आज्ञावली’ म्हटले आहे.

वरवर पाहता हा विषय संगणक अभियंत्यांचा वाटतो. तथापि, मर्यादित साधन, अनेक वापरकर्ते आणि एकाच्या वापराची किंमत दुसऱ्याने मोजणे, ही तिन्ही वैशिष्ट्ये जेथे एकत्र येतात तेथे अर्थशास्त्राचा प्रदेश सुरू होतो. शासनाच्या सेवा जसजशा संकेतस्थळांवर येत गेल्या, तसतसा सर्व्हरच्या मेमरीचा प्रश्न हा नागरिकांच्या हक्काचा प्रश्न बनला. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत दाखल न झालेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्व्हरचा बिघाड आणि कार्यालयाचा बंद दरवाजा यांत काहीही फरक नसतो.

सर्व्हर : एक मर्यादित संसाधन

वेब सर्व्हर हा एक संगणकच असतो. वाचकाने संकेतस्थळाचा पत्ता टंकित केला की त्याची विनंती सर्व्हरकडे पोहोचते. सर्व्हर त्या विनंतीसाठी आज्ञावली चालवतो, आवश्यक तेथे माहितीसाठ्यातून नोंदी काढतो आणि तयार झालेले पान परत पाठवतो. या कामासाठी प्रामुख्याने दोन साधने खर्च होतात. पहिले साधन म्हणजे मेमरी, अर्थात काम चालू असताना लागणारी तात्पुरती जागा. दुसरे म्हणजे प्रोसेसरचा वेळ.

या दोन साधनांच्या स्वरूपात एक महत्त्वाचा भेद आहे. प्रोसेसरचा वेळ प्रवाहासारखा असतो. तो साठवून ठेवता येत नाही आणि न वापरलेला क्षण वाया जातो. मेमरी ही जागेसारखी असते. एका प्रक्रियेने ती व्यापली की सोडेपर्यंत दुसरीला मिळत नाही. म्हणून प्रोसेसर अपुरा पडला तर काम मंदावते, परंतु मेमरी पूर्णपणे संपली तर काम बंदच पडते.

मेमरी संपत आली की कार्यप्रणाली तिच्यातील काही भाग डिस्कवर हलवते. यास ‘स्वॅप’ म्हणतात. डिस्क ही मेमरीच्या तुलनेत कितीतरी संथ असल्याने या उलाढालीतच सर्व वेळ खर्च होऊ लागतो आणि प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबते. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ असे नाव आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी तिची कारणे व उपाय सांगणारा निबंध १९६८ मध्ये मांडला. त्याच वर्षी गॅरेट हार्डिन यांचा सामायिक संसाधनांच्या शोकांतिकेवरील प्रसिद्ध लेखही प्रकाशित झाला. दोन भिन्न शास्त्रांत, परस्परांशी संबंध नसताना, एकाच वर्षी एकाच स्वरूपाच्या संकटाची मीमांसा झाली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आज्ञावली बेलगाम का होते?

बेलगाम होण्याची कारणे स्थूलमानाने पाच गटांत मांडता येतात.

पहिले कारण म्हणजे न संपणारे आवर्तन. ‘अमुक अट पूर्ण होईपर्यंत हे काम पुन्हा करा’ अशी सूचना असते आणि ती अट कधीच पूर्ण होत नाही. अशी एक आज्ञावली प्रोसेसरचा एक गाभा पूर्णपणे अडवून ठेवते. सर्व्हरला चार गाभे असतील तर तिच्यासारख्या चार आज्ञावली संपूर्ण यंत्र व्यापू शकतात.

दुसरे कारण म्हणजे मेमरीचा अविवेकी वापर. पानावर केवळ २० नोंदी दाखवायच्या असताना माहितीसाठ्यातील लाखो नोंदी एकदम मेमरीत आणल्या जातात. चाचणीच्या वेळी नोंदी शंभरच असतात, त्यामुळे दोष दिसत नाही. योजना यशस्वी होऊन लाभार्थी वाढले की तोच दोष उघडा पडतो.

तिसरे कारण म्हणजे कामाच्या वाढीचा चुकीचा अंदाज. काही आज्ञावलींत माहिती दुप्पट झाली की काम चौपट होते. अक्षरांचे नमुने शोधणाऱ्या ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाच्या तंत्रात तर याहूनही वेगाने वाढ होऊ शकते.

चौथे कारण म्हणजे नियतकालिक कामांचे परस्परांवर आदळणे. दर पाच मिनिटांनी सुरू होणारे काम दोन मिनिटांत संपत असेल तर अडचण नाही. तेच काम २० मिनिटे घेऊ लागले तर एका वेळी त्याच्या चार प्रती चालू राहतात. त्या परस्परांना मंदावतात, म्हणून पाचवी व सहावी प्रतही साचते. रोज वाढत जाणाऱ्या थकबाकीसारखीच ही स्थिती होय.

पाचवे कारण म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून राहणे. आज्ञावली बाहेरच्या एखाद्या सेवेकडून उत्तराची वाट पाहत थांबते. ती प्रोसेसर वापरत नाही, परंतु मेमरी मात्र धरून ठेवते.

येथे एक स्वाभाविक प्रश्न उपस्थित होतो : आज्ञावली चालविण्यापूर्वीच ती थांबेल की नाही हे तपासता येणार नाही काय? ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून याचे उत्तर नकारार्थी मिळते. प्रत्येक आज्ञावलीबाबत असा निर्णय देणारी सर्वसामान्य पद्धत अस्तित्वात असू शकत नाही. धोरणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की केवळ पूर्वतपासणीवर विसंबून चालत नाही. प्रत्यक्ष वापराला मर्यादा घालणे अटळ ठरते.

कोलमडण्याचे गणित

सर्व्हर हळूहळू मंदावत नाही, तो एकाएकी कोसळतो, असे का घडते? याचे उत्तर रांगेच्या सिद्धान्तात आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सोपा आहे : एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितकी कामे एकाच वेळी असतात, ती संख्या म्हणजे येणाऱ्या कामांचा दर गुणिले प्रत्येक कामाला लागणारा वेळ.

काही आकडे उदाहरणादाखल गृहीत धरू. सर्व्हरची मेमरी ४,०९६ एमबी आहे. कार्यप्रणाली आणि माहितीसाठा यांसाठी १,०२४ एमबी वजा जाता ३,०७२ एमबी उरते. प्रत्येक विनंतीला ३२ एमबी लागत असेल, तर एका वेळी ९६ विनंत्या सामावू शकतात. आता सेकंदाला ४० विनंत्या येत आहेत आणि प्रत्येक पाव सेकंदात पूर्ण होते असे मानले, तर लिटल यांच्या नियमानुसार सरासरी १० विनंत्याच सर्व्हरवर असतात. क्षमता ९६, वापर १०. चिंतेचे काहीच कारण दिसत नाही.

अशा वेळी बेलगाम आज्ञावलींनी प्रोसेसर अडवला आणि प्रत्येक विनंतीचा वेळ पाव सेकंदावरून अडीच सेकंदांवर गेला, तर सर्व्हरवरील विनंत्या १०० होतात. क्षमता ओलांडली जाते आणि स्वॅप सुरू होतो. स्वॅपमुळे वेळ आणखी वाढतो, वेळ वाढल्याने विनंत्या आणखी साचतात, साचलेल्या विनंत्यांना आणखी मेमरी लागते. येथे वाचकांच्या संख्येत एकाचीही भर पडलेली नाही, ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

प्रतीक्षेचा वेळ दसपट होणे ही अतिशयोक्ती नव्हे. रांगेच्या साध्या प्रतिमानानुसार व्यवस्था ५० टक्के व्यग्र असताना एका कामाला त्याच्या मूळ वेळेच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. व्यग्रता ५० वरून ९५ टक्क्यांवर गेली की प्रतीक्षा दसपट होते. म्हणूनच रस्ता असो, रुग्णालय असो वा सर्व्हर, क्षमतेच्या अगदी काठावर चालवणे ही काटकसर ठरत नाही.

यात मानवी वर्तनाची भर पडते. पान उघडत नाही म्हणून वाचक पुन्हा पुन्हा कळ दाबतो. पहिल्या विनंतीचे काम सर्व्हरवर अनेकदा चालूच असते. प्रत्येक नव्या प्रयत्नाने त्यात भर पडते. प्रत्येकाचे वागणे स्वतःपुरते समजण्यासारखे असते, परंतु सर्वांचे मिळून ते विनाशक ठरते.

तीन बोधप्रद घटना

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती पसरवणारी एक आज्ञावली इंटरनेटवर सोडली. ती एखाद्या संगणकावर आधीच पोहोचली असेल तर पुन्हा शिरू नये, अशी तपासणी तिच्यात होती. परंतु सातपैकी एका वेळी उत्तर काहीही आले तरी तिने ठाण मांडावे, अशीही तजवीज होती. परिणामी एकाच संगणकावर तिच्या असंख्य प्रती चालू लागल्या आणि यंत्रे जवळजवळ ठप्प झाली. तेव्हा इंटरनेटला जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी अंदाजे ६,००० बाधित झाले, असे मानले जाते. तिने धारिणी पुसल्या नाहीत. संसाधने संपवली, एवढ्यानेच हाहाकार उडाला. मॉरिस यांना १९९० मध्ये अमेरिकेच्या १९८६ च्या संगणक गैरवापरविषयक कायद्याखाली दोषी ठरविण्यात आले.

दुसरी घटना २० जुलै २०१६ ची. संगणक आज्ञावलीकारांचे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. एका मजकुरात सुमारे २०,००० कोऱ्या जागा सलग आल्या होत्या. ओळीच्या टोकांवरील कोऱ्या जागा काढणारी साधी सूचना त्यावर चालली. पहिल्या जागेपासून २०,००० वेळा, दुसऱ्या जागेपासून १९,९९९ वेळा, अशी तपासणी करता करता एकूण सुमारे २० कोटी पायऱ्या झाल्या. तो मजकूर मुखपृष्ठावर असल्याने प्रत्येक भेटीबरोबर हा खर्च पुन्हा होत राहिला. त्यात हल्लेखोर कोणीही नव्हता.

तिसरी घटना २ जुलै २०१९ ची. जगभरातील असंख्य संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या ‘क्लाउडफ्लेअर’ या कंपनीने आपल्या सुरक्षा नियमांत एक नवा नियम घातला. त्यातील नमुनाशोधाच्या सूचनेने जगभरातील तिच्या सर्व्हरांचे प्रोसेसर व्यापून टाकले आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे दिसेनाशी झाली. अशा सूचनेने प्रोसेसरचा अतिवापर करू नये म्हणून असलेले संरक्षण काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या दुरुस्तीच्या ओघात चुकून काढले गेले होते, असे कंपनीनेच आपल्या अहवालात नमूद केले. शिवाय नवा नियम टप्प्याटप्प्याने न पसरवता एकाच वेळी सर्वत्र लागू केला गेला होता.

या तिन्ही घटनांत यंत्रे नादुरुस्त झाली नव्हती. मर्यादेचा अभाव हाच त्यांतील समान धागा होय.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत

अर्थशास्त्रात वस्तूंचे वर्गीकरण दोन कसोट्यांवर केले जाते : एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा वाटा घटतो काय, आणि एखाद्याला उपभोगापासून वगळता येते काय. वाटा घटतो परंतु वगळणे कठीण असते, अशा साधनांना सामायिक संसाधने म्हणतात. गावचे गायरान हे त्याचे परिचित उदाहरण. विल्यम फॉर्स्टर लॉइड यांनी १८३३ मध्ये आणि हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा : आणखी एक जनावर चरावयास सोडण्याचा लाभ एकट्या मालकाला मिळतो, गवत घटण्याचा तोटा मात्र सर्वांत वाटला जातो, म्हणून प्रत्येक जण जनावरे वाढवतो आणि गायरान उजाड होते.

एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे ठेवण्याची पद्धत, म्हणजे सामायिक होस्टिंग, हे असेच गायरान आहे. आज्ञावली काटेकोर लिहिण्याचे श्रम एका संकेतस्थळाच्या चालकाला करावे लागतात. ती ढिसाळ असल्याची किंमत मात्र शेजारच्या सर्व संकेतस्थळांना चुकवावी लागते. आर्थर पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात ज्या बाह्य परिणामांची चर्चा केली, त्यांचे हे आधुनिक रूप होय. खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत येथे स्पष्ट तफावत पडते.

या तफावतीचे ठळक उदाहरण लिनक्स कार्यप्रणालीत सापडते. मेमरी पूर्ण संपली की यंत्र वाचवण्यासाठी ही प्रणाली एखादी प्रक्रिया बळजबरीने बंद करते. निवड करताना मुख्यतः कोणी किती मेमरी व्यापली आहे हे पाहिले जाते. बहुधा सर्वांत मोठी प्रक्रिया माहितीसाठ्याची असते. ती नियमाप्रमाणे आपले काम करत असते. बेलगाम झालेल्या छोट्या आज्ञावली मात्र संख्येने अनेक आणि आकाराने लहान असतात. परिणामी दोष एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असे घडू शकते.

सामायिक होस्टिंगच्या व्यवसायाची तुलना बँकेशीही करता येईल. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागणार नाहीत या विश्वासावर बँक कर्जे देते. तसेच सर्व ग्राहक एकाच वेळी पूर्ण क्षमता वापरणार नाहीत या अंदाजावर होस्टिंग कंपनी प्रत्यक्षाहून अधिक क्षमता विकते. सामान्य दिवशी हे कार्यक्षमच असते. संकटाच्या दिवशी मात्र राखीव निधी किती ठेवला आहे, यावर सारे अवलंबून राहते.

नियंत्रणाचे मार्ग

हार्डिन यांच्या निराशाजनक निष्कर्षाला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथातून उत्तर दिले. जगातील अनेक समुदायांनी चराऊ राने, मासेमारी क्षेत्रे आणि पाटबंधारे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये ऑलिव्हर विल्यम्सन यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. स्पष्ट सीमा, परिस्थितीला साजेसे नियम, देखरेख आणि पायरीपायरीने वाढणारी शिक्षा ही त्यांनी सांगितलेल्या तत्त्वांपैकी काही तत्त्वे. सर्व्हरच्या व्यवस्थापनात ती जवळजवळ जशीच्या तशी लागू पडतात.

पहिला उपाय म्हणजे प्रत्येक आज्ञावलीला कमाल मर्यादा. संकेतस्थळांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेत आज्ञावलीने किती काळ चालावे याची मूलभूत मर्यादा ३० सेकंद, तर मेमरीची १२८ एमबी आहे. परंतु केवळ एवढ्याने भागत नाही. आपल्या उदाहरणातील ३,०७२ एमबी मेमरी १२८ एमबीच्या केवळ २४ प्रक्रियांत संपते. म्हणजेच प्रत्येकावरील मर्यादेबरोबर एका वेळी किती प्रक्रिया चालाव्यात याचीही मर्यादा हवी, आणि दोहोंचा गुणाकार उपलब्ध मेमरीत बसला पाहिजे. शिवाय लिनक्सवर ३० सेकंदांच्या या मोजणीत माहितीसाठ्याच्या उत्तराची वाट पाहण्याचा वेळ धरला जात नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे पाळीने वाटप. पंजाब व हरियाणातील कालव्यांवर ‘वाराबंदी’ची पद्धत आहे. आठवड्याच्या १६८ तासांचे वेळापत्रक आखून प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या प्रमाणात पाण्याची पाळी दिली जाते. महाराष्ट्रातील शेजपाळीही याच कुळातील. कार्यप्रणाली प्रोसेसरचा वेळ असाच लहान लहान पाळ्यांत वाटते, फक्त तेथील पाळी तासांची नसून सेकंदाच्या अल्पांश भागाची असते.

पाळी आली की समतेचा प्रश्न येतो : समान वाटा कोणाला? प्रत्येक प्रक्रियेला समान पाळी दिली, तर वीस प्रक्रिया चालवणाऱ्या चालकाला एक प्रक्रिया चालवणाऱ्याच्या वीसपट वेळ मिळतो. सार्वजनिक वितरण व्यवस्थेत हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबांना दरमहा प्रतिव्यक्ती ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबांना प्रतिकुटुंब ३५ किलो धान्याची तरतूद आहे. एकक व्यक्ती की कुटुंब, यावर वाटपाची न्याय्यता ठरते. लिनक्समध्ये यासाठी ‘सीग्रुप’ ही रचना आहे. गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये तिचे काम सुरू केले आणि जानेवारी २००८ च्या आवृत्तीत तिचा समावेश झाला. तिच्यामुळे एका ग्राहकाच्या सर्व प्रक्रियांचा गट करून त्या गटालाच मेमरी व प्रोसेसरचा वाटा ठरवून देता येतो. गायरानाला कुंपण घालण्याचाच हा प्रकार होय.

तिसरा उपाय पुनरावृत्ती टाळण्याचा. परीक्षेच्या निकालाची यादी सर्वांसाठी एकच असते. ती प्रत्येक भेटीला नव्याने तयार करण्याऐवजी एकदाच तयार करून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक वाचकाचा सीमांत खर्च जवळजवळ शून्यावर येतो.

चौथा उपाय देखरेखीचा आणि क्रमवार कारवाईचा. मर्यादा ओलांडणाऱ्या आज्ञावलीची गती प्रथम कमी करावी, तरीही न सुधारल्यास ती थांबवावी आणि वारंवार तसेच घडल्यास खाते स्थगित करावे. एका चुकीसाठी संपूर्ण संकेतस्थळ बंद करणे हे तेथील निरपराध वाचकांना शिक्षा करण्यासारखे आहे.

भारतीय संदर्भ

केंद्र शासनाने १८ मे २००६ रोजी राष्ट्रीय ई-शासन योजनेस मान्यता दिली. आरंभी तिच्यात २७ मिशन मोड प्रकल्प आणि ८ घटक होते; राज्य माहिती केंद्रे, राज्यव्यापी जाळी आणि सामायिक सेवा केंद्रे हे तिचे पायाभूत आधार होते. २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘मेघराज’ क्लाउड सेवा सुरू झाली आणि १ जुलै २०१५ रोजी डिजिटल इंडिया कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अनेक विभागांनी एकाच पायाभूत सुविधेवर येण्यात मोठी बचत आहे. परंतु त्यामुळे सामायिक संसाधनाचे प्रश्नही मध्यवर्ती बनतात.

कोविड लसीकरणाचे ‘कोविन’ हे याचे अभ्यसनीय उदाहरण. १८ वर्षांवरील नागरिकांची नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता खुली झाली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. लस अपुरी, मागणी प्रचंड. अशा स्थितीत रिकाम्या जागा शोधणाऱ्या स्वयंचलित आज्ञावली अनेकांनी लिहिल्या. त्या सर्व्हरला सतत एकच प्रश्न विचारत राहत. शासनाने सार्वजनिक माहितीसाठी एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विनंत्यांची मर्यादा ठेवली आणि दिली जाणारी माहिती साठवलेली, म्हणून ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल, असे जाहीर केले. संसाधन वाचवण्यासाठी ताजेपणाचा काही अंश सोडून देण्याचा हा निर्णय होता.

येथेही एककाचा प्रश्न सुटत नाही. सामायिक सेवा केंद्रातून अर्ज भरणारे वीस ग्रामस्थ सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात, तर अनेक जोडण्या बाळगणारी एकच व्यक्ती अनेक पत्त्यांवरून येऊ शकते. पत्त्यागणिक समान मर्यादा व्यक्तीगणिक असमान ठरण्याचा संभव राहतो. मर्यादा आखताना या विषमतेचे भान ठेवावेच लागेल.

कायद्याच्या बाजूने पाहता, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ महत्त्वाचे आहे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकाच्या कामात व्यत्यय आणणे किंवा अधिकृत व्यक्तीला प्रवेश नाकारला जाईल असे कृत्य करणे यासाठी त्यात भरपाईची तरतूद आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घटनांना प्रतिसाद देणारी राष्ट्रीय संस्था म्हणून ‘सर्ट-इन’ला कलम ७०ब अन्वये दर्जा मिळाला असून ती जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे. मात्र अधिकृत कंत्राटदाराने निष्काळजीपणे लिहिलेल्या सदोष आज्ञावलीला ही कलमे सहसा पुरी पडत नाहीत. तेथे कंत्राटातील अटी, भारचाचणी आणि त्रयस्थ तपासणी हेच खरे उपाय होत.

निष्कर्ष

सर्व्हर बंद पडला की अधिक मोठा सर्व्हर घ्यावा, ही सर्वसाधारण प्रतिक्रिया असते. न संपणारे आवर्तन मोठ्या सर्व्हरवरही संपत नाही. ते फक्त अधिक महाग होते. क्लाउड सेवेत वापरानुसार देयक येत असल्याने बेलगाम आज्ञावलीचा खर्च आता थेट सार्वजनिक निधीवर पडू शकतो. क्षमतावाढीबरोबर मर्यादा, देखरेख आणि उत्तरदायित्व यांची जोड आवश्यक आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा न्यायाचा आहे. सर्व्हर कोलमडल्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. घरी संगणक आणि वेगवान जोडणी असलेला अर्जदार रात्री दोन वाजता पुन्हा प्रयत्न करू शकतो. तालुक्याच्या केंद्रावर दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या अर्जदाराला ती सोय नसते. म्हणून अर्ज स्वीकारण्याची मुदत टप्प्याटप्प्याने ठेवणे, अर्धवट भरलेला अर्ज जतन होणे, प्रतीक्षेचा क्रमांक दाखवणे आणि बिघाडाच्या काळाइतकी मुदत आपोआप वाढणे, या गोष्टी तांत्रिक सौजन्याच्या राहत नाहीत, त्या सेवेच्या हक्काचा भाग ठरतात. उद्या प्रशासनात जाऊन अशा सेवांची जबाबदारी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी निविदेतील भारचाचणीचे कलम अर्थसंकल्पातील आकड्याइतक्याच काळजीने वाचावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सामायिक संसाधने आणि सार्वजनिक वस्तू यांतील भेद स्पष्ट करून सामायिक सर्व्हरचे स्थान कोणत्या वर्गात येते, ते सकारण सांगा.

२. वापरकर्त्यांची संख्या स्थिर असतानाही सर्व्हर का कोलमडू शकतो? लिटल यांच्या नियमाच्या आधारे विवेचन करा.

३. ‘समान वाटपात एककाची निवड निर्णायक असते.’ अन्न सुरक्षा अधिनियम आणि संगणकीय संसाधनांचे वाटप यांच्या आधारे चर्चा करा.

४. ऑस्ट्रॉम यांची तत्त्वे ई-शासनाच्या पायाभूत सुविधांना कितपत लागू पडतात, याचे चिकित्सक परीक्षण करा.